टाकी

तारकर्लीहून घरी आले
तेव्हा सोलापुरात चव्वेचाळीस होतं
आणि नळ जाऊन तिसरा दिवस.
अम्मानं माझा डायव्हिंगचा सूट हुंगला,
"सुकट आणलीस काय गं?"
दोरीवर टाकला नायनाच्या बनियनशेजारी.
समोरून यल्दींची सुगुणा ओरडली,
"कुणाचं कातडं वाळत घातलंय बे?"

तिथं मी माणसं खाली नेते.
बेळगावचे व्यापारी, हळदीच्या अंगाची जोडपी,
पोहता न येणारे तर पुष्कळ.
एकच सांगते, श्वास रोखायचा नाही.
कासव दिसलं तरी. रडू आलं तरी.

टाकीत दोनशे बार हवा.
पन्नास उरली की वर यायचं.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
आमच्या न्हाणीत दोनशे लिटरचं निळं पिंप आहे,
पन्नासवर अम्मानं खिळ्यानं रेघ ओढलीय.
रेघ उघडी पडली की आंघोळी बंद,
उरतं ते भाताचं आणि देवाच्या तांब्याचं.

खुणांचं मात्र जड गेलं.
बाकीची पोरं वहीत हात काढत होती
आणि मला आठवत होता नायना:
अक्कलकोट रोडला चोवीस मागांच्या खडखडाटात
छत्तीस वर्षं हातांनी बोललेला.
दोन बोटं चोळली, धागा तुटला.
मूठ कपाळाला, मालक आला.
अंगठा-तर्जनीचं वर्तुळ, कांडी संपली.
घरीही तेच हात,
कारण कानातला माग बंद व्हायचा नाही.
आम्ही त्याला बहिरा म्हटलं नाही कधी.
नायना खाली आहे, म्हणायचो.

पाण्यात वर्तुळाचा अर्थ: मी ठीक आहे.
पहिल्या परीक्षेत गुरुजींनी वर्तुळ करून विचारलं
आणि मी गर्रकन टाकीकडं बघितलं,
काय संपलं म्हणून.

बोटीवर पाहुण्यांना अंग पुसायला टॉवेल देतो
ते आपल्याच गावचे, कोपऱ्यात शिक्का.
एकाच्या काठात एकदा धागा सुटलेला दिसला.
नायनाचा नसणार.

परवा रात्री लाइट गेली.
बोळातले माग एकदम थांबले,
आणि ज्याला ऐकू येत नाही तो जागा झाला.
माझ्याजवळ येऊन त्यानं बोट स्वतःच्या कानाला लावलं,
मग खाली, जमिनीकडं.
तिथं काय ऐकू येतं?
मी तळवे एकावर एक ठेवून कासव पोहवलं.
त्यानं मान हलवली. परत कान.
तेव्हा मी त्याचा हात घेतला,
माझ्या छातीवर ठेवला,
आणि जोरात श्वास घेतला, सोडला.
तो हसला.
त्याच्या छातीत कापसाची शिट्टी वाजते,
ती त्याला कुठली ऐकू यायला.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ आला.
पिंप काठोकाठ.
टाकी एसटीतून आणता येत नाही,
मास्क आणि नळी होती.
नायनानं चष्मा काढून अम्माच्या हातात दिला,
मास्क चढवला आणि पिंपात वाकला.
"प्यायचं पाणी आहे ते!" अम्मा किंचाळली,
मग चष्मा पदराला पुसत उभी राहिली.

नळीतून शिट्टी येत होती, लांब, बारीक.
मी सवयीनं मोजत होते.
चाळीसला त्यानं पाण्यातून एक हात वर काढला,
अंगठा आणि तर्जनी जुळलेली.

मला कळेना
तो कुठल्या भाषेत बोलतोय.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.
पाठ वर येत होती, खाली जात होती.
पिंप भरून वाहत होतं,
आणि अम्मा, एरवी थेंबाचा हिशेब ठेवणारी,
नळ बंद करायला हलली नाही.